तीन ओळींत न मावलेले नायना

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी जूनमध्ये गेले. आम्ही त्यांना नायना म्हणायचो. एक्केचाळीस वर्षं ते चादरीच्या कारखान्यात जकार्डचे पत्ते पंच करायचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. पेपरात तीन ओळी आल्या : अल्पशा आजाराने निधन, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी. त्याच आठवड्यात मारुती चितमपल्ली सर गेले. त्यांच्यावर पानंच्या पानं आली, ती मी सगळी वाचली. नायनांना त्यांचा फार अभिमान होता. तेलुगू घरातला माणूस मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. येत्या वर्षश्राद्धाला नायनांवर चार पानांची पुस्तिका काढायची आहे, पण लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू’च्या पुढे सरकत नाही. मोठ्या माणसांबद्दल लिहायला खूप असतं. आमच्या नायनांबद्दल काय लिहू? आणि ते दारू प्यायचे. ते लिहायचं का?
— एक वाचक भगिनी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, असल्या तीन ओळी मी बावीस वर्षं लिहिल्या आहेत. सोलापुरातल्या एका दैनिकात निधनवार्तांचा रकाना माझ्याकडे होता. तुमच्या नायनांची बातमी माझ्या हातची नाही, तोवर मी निवृत्त झाले होते. पण साचा तोच, हे वाचताक्षणी कळलं.

तो साचा कसा भरला जातो ते सांगते. संध्याकाळी चिठ्ठी घेऊन कुणीतरी यायचं. शेजारी, नाहीतर भाचा, स्मशानातून परस्पर आलेला, खांद्यावर ओला टॉवेल. वहीचं पान, कधी औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू. मी विचारायचे, “काम काय करायचे?” उत्तर यायचं, “खासगी नोकरी.” बाई गेली असेल तर “गृहिणी.” मी तसंच छापायला द्यायचे. पूर्व भागातल्या कितीतरी बायकांच्या नावापुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं. त्या सूप मांडीवर घेऊन रोज हजार हजार विड्या वळत होत्या आणि त्यांच्या मजुरीवर पोरांच्या शाळेची फी भरली जात होती. आणखी एक प्रश्न विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. तो मी विचारला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

एकदा एक बाई बातमीचं कात्रण घेऊन ऑफिसात आली. वडील गेले होते. पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे, सगळे होते, ही नव्हती. अर्धांगवायूनंतर चार वर्षं वडिलांचं सगळं तिनं केलं होतं. चिठ्ठी भावानं दिली होती, मी विचारलं नव्हतं. ती भांडली नाही. “मॅडम, मी त्या घरात नव्हतेच का?” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. पण मूळ बातमी लोकांनी कापून ठेवली होती आणि दुरुस्ती कुणी कापून ठेवत नाही. म्हणून पुस्तिकेतलं पहिलं काम सांगते : घरातलं एकही नाव सुटू देऊ नका. नायनांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून किंवा फंडाच्या कागदावरून पाहून घ्या. रेशनकार्डावरचं वय बहुतेक वेळा अंदाजानं सांगितलेलं असतं.

आता चितमपल्ली सरांबद्दल. ५ नोव्हेंबर १९३२ ला सोलापुरात जन्म, १८ जून २०२५ ला सोलापुरातच मृत्यू, आणि मधली ३६ वर्षं वनखात्यात. २००६ चं संमेलन आपल्याच गावात भरलं आणि तेच अध्यक्ष होते. पद्मश्री मिळाली ती शेवटच्या वर्षी. एवढं तर कुणीही लिहील. पण त्यांच्यावर पानं भरून लिहिता आलं, कारण त्यांनी शब्द जमवून ठेवले होते. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळे एकत्र घरटी करतात ती जागा सारंगागार, असे शब्द त्यांनी मराठीला दिले. पक्ष्यांच्या नावांचा कोश केला. आणि त्यातलं बरंचसं त्यांना कुणी शिकवलं? नवेगावबांधच्या तळ्यावर जाळी टाकणाऱ्या ढीवरांनी, रानात राहणाऱ्या गोंडांनी. त्या माणसांच्या निधनाच्या तीन ओळीही कुठे आल्या नसतील. पण कुठला पक्षी कधी येतो, कुठला मासा कुठल्या पाण्यात सापडतो, हे त्यांना ठाऊक होतं. चितमपल्लींनी त्यांच्याजवळ बसून ते विचारून घेतलं, लिहून ठेवलं.

नायनांच्या बाबतीत ते काम तुम्हाला करायचं आहे. ‘आमच्या नायनांबद्दल काय लिहू’ असं तुम्ही विचारता, पण तुमच्याच पत्रात ‘जकार्डचे पत्ते पंच करायचे’ हे चार शब्द आहेत. पुस्तिका तिथून सुरू करा.

माझे सासरे मागावर होते, म्हणून थोडंफार मला माहीत आहे. चादरीची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर, चौकटी भरून काढतात. मग ग्राफची एकेक ओळ एकेका पुठ्ठ्याच्या पत्त्यावर उतरते. जिथं भोक पडलं तिथं जकार्डचा हुक उचलला जातो, त्याला बांधलेला उभा धागा वर येतो आणि धोटा खालून निघून जातो. भोक नाही, तर धागा खालीच राहतो. असे शेकडो पत्ते क्रमानं दोऱ्यानं ओवून त्यांची माळ करायची आणि ती मागावर चढवायची. आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका अंगाला जो रंग नक्षीचा, तो दुसऱ्या अंगाला जमिनीचा. ते सगळं त्या भोकांच्या हिशेबात बसलेलं असतं. विणकराचा धागा तुटला तर तो सांधता येतो, एखादी चादर बिघडली तर बाजूला काढता येते. पत्त्याचं मात्र तसं नाही. नायनांच्या हातून एक भोक चुकलं असतं, तर मोराच्या मानेवरचा तोच डाग त्या माळेवरच्या प्रत्येक चादरीवर आला असता. एक्केचाळीस वर्षं ही जोखीम त्यांच्या बोटांवर होती. ‘कष्टाळू’ या शब्दात हे येत नाही, ताई.

यापुढचं मला माहीत नाही, ते तुम्हाला विचारत फिरावं लागेल. ग्राफ ते स्वतः काढायचे, की आयता यायचा? चुकून पडलेलं भोक बुजवायला काय चिकटवायचे? काम शिकवलं कुणी, आणि त्यांनी कुणाला शिकवलं? इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं तेव्हा त्यांच्या कारखान्यात काय झालं? पंचिंगच्या कामातले तेलुगू शब्द कोणते होते? ते जसेच्या तसे लिहा, मराठी करत बसू नका. त्यांच्याबरोबरचे जॉबर, सांधणीवाले, कांड्या भरणाऱ्या बायका आज सत्तरीच्या आसपास असतील. कुणाला ऐकू कमी येत असेल, कुणाला धाप लागत असेल. दिवाळीनंतर बघू म्हणू नका. आणि ‘नायना कसे होते?’ असं विचारू नका, ‘देवमाणूस’ म्हणून मोकळे होतील. ‘त्यांचा डबा कुठे ठेवलेला असायचा?’ असं विचारा. मी नोकरीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत असं विचारायला शिकले. डब्यावरून मालकाची गोष्ट निघते, मालकावरून संपाची, संपावरून उधारीची.

आपल्या गावात नाव राहतं आणि काम विसरलं जातं, हे मोठ्यांच्या बाबतीतही होतं. १२ जानेवारीला आपण चार हुतात्मा चौकात हार घालतो. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन, १९३१ साली येरवड्यात फाशी. शाळेतली पोरं नावं घडाघडा म्हणतात. कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत होते, हे त्यांतल्या किती जणांना सांगितलेलं असतं? मी वर्तमानपत्रात जन्म काढला, पण हे मलाही फार उशिरा कळलं.

दारूचं. हे ठरवायचा पहिला हक्क तुमच्या आईचा आहे; तुमचा नाही, भावांचाही नाही. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथंच थांबवा. हो म्हणाल्या तर एका सरळ वाक्यात लिहा : ‘नायनांना दारूचं व्यसन होतं आणि त्याचा त्रास आईनं सोसला.’ ‘मोकळ्या स्वभावाचे होते’ असली पांघरुणं घालू नका. ज्यांनी रात्री दाराशी उभं राहून वाट पाहिली, त्यांना असला शब्द फार लागतो. पुस्तिका छापखान्यात जाण्याआधी आईंना सगळी मोठ्यानं वाचून दाखवा. त्या जिथं मान हलवून नाही म्हणतील, ती ओळ बदला.

एक शेवटचं. कारखान्यात जुन्या पत्त्यांच्या माळा रद्दीत निघतात, नाहीतर बंबात जातात. नायनांच्या हातची एखादी माळ अजून कुठं लटकत असेल तर मागून आणा. पुस्तिकेच्या प्रत्येक प्रतीला एकेक पत्ता जोडा. नातवंडं तो उजेडाकडे धरून बघतील.

प्रश्न : मी सांगोला तालुक्यात शिक्षिका आहे. गणपतराव देशमुख यांच्या जयंतीला शाळेत भाषण करायचं आहे. मोबाइलवर आलेल्या माहितीत कुठे दहा वेळा आमदार आहे, कुठे अकरा. बरोबर काय?

उत्तर : अकरा वेळा, सगळ्या वेळी सांगोल्यातून, शेतकरी कामगार पक्षाचे म्हणून. जन्म १० ऑगस्ट १९२६, पहिला विजय १९६२. निधन ३० जुलै २०२१, सोलापुरात. १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले होते, हेही मुलांना सांगा. पुष्कळ भाषणांतून हे दोन पराभव गाळलेले मी ऐकले आहेत. ते गाळले की लोकांनी त्यांना घरी बसवलं होतं आणि पुन्हा बोलावलं होतं, ही गोष्टच निघून जाते.

ते एसटीनं प्रवास करायचे, हे तुमच्या भाषणात असेलच. पण ते नुसतं सांगून सोडू नका. सांगोला आगारातून निवृत्त झालेले वाहक तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात नक्की असतील. चार मुलांना घेऊन त्यांच्या ओट्यावर जा. भाई कुठल्या सीटवर बसायचे, गाडीत लोक त्यांच्या हातात कसले कागद द्यायचे, ते कागद पुढे कुठं जायचे, हे मुलांनीच विचारावं आणि वहीत लिहून घ्यावं. भाषण तुम्ही करू नका, त्या वह्या मुलांना वाचू द्या. १० ऑगस्टला अवकाश असला तरी या आठवड्यातच जाऊन या.