डॉलर नंतर मोजा, आधी तो रकाना वाचा

नाशिकरोडच्या एका वाचक भगिनी लिहितात: मुलीच्या बाळंतपणासाठी त्या आणि त्यांचे यजमान पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला निघाले आहेत, मुक्काम पाच-सहा महिने. यजमान 67 वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त, बरीच वर्षं मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू. तिकिटं काढणाऱ्या एजंटनेच प्रवास विमा काढून दिला. प्रश्न असा की, 50 हजार डॉलरचं कव्हर पुरेल की 1 लाखाचं घ्यावं? पॉलिसीची प्रत त्यांनी सोबत पाठवली आहे.

ताई, परदेशी निघालेल्या नाशिककरांची अशी पत्रं मला नेहमी येतात आणि बहुतेकांचा प्रश्न रकमेचाच असतो. तुमच्या पॉलिसीत यजमानांच्या नावापुढे 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज', म्हणजे आधीपासूनचे आजार, असा रकाना आहे आणि त्यात 'नन', म्हणजे 'काही नाही', असं छापलंय. म्हणजे कंपनीच्या दफ्तरी हा माणूस ठणठणीत आहे. हा शब्द तिथे असेपर्यंत कव्हर 50 हजारांचं घ्या नाहीतर 5 लाखांचं, साखरेशी किंवा हृदयाशी संबंधित दावा आला की कंपनी आधी याच शब्दावर बोट ठेवणार.

'एजंट म्हणाला, सगळ्यांचं असंच भरतो, नाहीतर हप्ता वाढतो,' असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत. मला त्याचाच राग आला, आणि थोडा तुमचाही. अर्ज न वाचता तुम्ही त्याला फोनवर ओटीपी सांगून मोकळ्या झालात. ऑनलाइन अर्जात तो ओटीपी सहीच्या जागी असतो. अर्जातला मजकूर ठाऊक नव्हता म्हणून सही करणाऱ्याची जबाबदारी टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये जीवनविम्याच्या एका प्रकरणात बजावलंय. भरणारा एजंट असला तरी अर्ज तुमचाच.

आणि हे लपून राहत नाही. तिथल्या इमर्जन्सीत नेलं की आधी विचारतात, कुठल्या गोळ्या चालू आहेत? तुम्ही खरं सांगणार, सांगायलाच हवं. ते केसपेपरवर उतरतं आणि तोच केसपेपर दाव्याबरोबर कंपनीकडे जातो.

आता दुसरी बाजू. 2009 मध्ये अमेरिकेला निघालेल्या एका गृहस्थांनी परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेताना आपला मधुमेह सांगितला होता. कंपनीने वैद्यकीय तपासणी करून पॉलिसी दिली. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट बसवावे लागले आणि कंपनीने दावा फेटाळला. 6 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला: आजार माहीत असताना पॉलिसी दिली, तर त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येत नाही. आजार उघड केला होता म्हणून ते जिंकले. तरीही बारा वर्षं गेली. ग्राहक कायदा तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायला सांगतो. प्रत्यक्षात किती तारखा पडतात ते आमच्या पक्षकारांना विचारा. म्हणून मला तुमचं हे प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत जायलाच नको आहे.

विमा सुरू होण्याची तारीख अजून यायची आहे, म्हणून वेळ आहे. आजच कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर स्वतःच्या ई-मेलवरून लिहा: पॉलिसी क्रमांक, कोणते आजार, कधीपासून, कोणत्या गोळ्या. सोबत अलीकडचे रिपोर्ट जोडा आणि पॉलिसीत दुरुस्ती करून लेखी पाठवा, अशी मागणी करा. एजंटला प्रत द्या, पण त्याच्या 'झालं काम'वर विसंबू नका. सुधारित पॉलिसी हातात येईपर्यंत काहीच झालेलं नाही, असं धरा. कंपनीने नकार दिला तर विमा सुरू होण्याआधी ही पॉलिसी रद्द करून आजार मान्य करणारी दुसरी घ्या. पैसे किती परत मिळतील ते या पॉलिसीच्या अटींवर ठरेल. आणि विमान सुटल्यावर ही दुरुस्ती होईल, असं मी तरी गृहीत धरणार नाही.

दुरुस्तीनंतरही सगळं मिळेल असं नाही. जुना आजार बऱ्याच पॉलिसींत फक्त जिवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच धरतात. साठीपुढच्यांना उपचारांवर वेगळ्या मर्यादाही असू शकतात. रकमेचा तुमचा प्रश्न तिथे येतो. ही मर्यादा दोन्ही पर्यायांत सारखीच असेल, तर यजमानांच्या जुन्या आजारांपुरता 1 लाखाच्या कव्हरचा उपयोग नाही.

एवढं करूनही दावा नाकारलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. किंवा दोन वर्षांच्या आत इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात.

आणि स्वतःच्या थायरॉइडच्या गोळीबद्दल तुम्ही लिहिलंत, 'ती काय, साधीच आहे.' त्या 2021 च्या खटल्यात गृहस्थांनी कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नाही, हाही मुद्दा धरून कंपनी लढत राहिली. तुमचीही गोळी त्याच ई-मेलमध्ये, नावानिशी लिहा.