‘मॅडम, एकच सांगा, नोकरी सोडू का नको?’

नोकरीच्या ताणाने समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक हाच प्रश्न घेऊन येतात. मी पहिल्या भेटीत त्याचं उत्तर देत नाही. आधी विचारते, झोप किती लागते? महिनोन् महिने नीट न झोपलेल्या माणसाला प्रत्येक दार बंदच दिसतं. अशा वेळी घेतलेला निर्णय थकव्याने घेतलेला असतो.

विलासरावांनीही हेच विचारलं होतं. (नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.) सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. वय चाळिशीच्या पुढे, मूळ गाव मोहोळकडचं, पण कामगारांत राहून तेलुगू सफाईने बोलणारे. संध्याकाळी शिफ्ट बदलायच्या सुमारास छातीत आवळल्यासारखं व्हायचं, हाताला मुंग्या यायच्या, घाम फुटायचा आणि ‘आता काय मी राहत नाही’ असं वाटायचं. दोनदा रात्री रिक्षाने दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

छातीत दुखलं की आधी हृदयाची तपासणी करायचीच. ‘मनाचं असेल’ म्हणून ती टाळू नका. शुगर, बीपी, थायरॉईडही बघून घ्यावं. विलासरावांचं सगळं पाहून झालं होतं, म्हणून मी त्यांना पॅनिक अटॅक म्हणजे काय ते समजावलं. धोका आहे असं वाटलं की शरीर अॅड्रेनलिन सोडतं, ठोके वाढतात, श्वास भराभर सुरू होतो. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच हाताला, ओठांना मुंग्या येतात. जीव घाबरा होतो खरा, पण लाट थोड्या वेळात ओसरते. श्वास आत घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला, एवढंच तेव्हा करायचं. ‘म्हणजे मी वेडा नाही झालो,’ ते म्हणाले आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

बोलता बोलता ते सहज म्हणून गेले, ‘कधी कधी वाटतं, झोपेतच गेलो तर बरं.’ असं वाक्य मी सोडून देत नाही. ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं हेही ठरवलंय का?’ असं सरळ विचारलं. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती घरच्यांना असते. तसं होत नाही. उलट माणसाला बोलायला जागा मिळते. विलासरावांनी काही ठरवलेलं नव्हतं, पण विचार येत होता. त्यांच्या संमतीने बायकोला आत बोलावलं आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी औषध सुरू केलं. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर दोघांच्या फोनमध्ये टाकून दिला. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं.

‘कारखान्यात कळलं तर?’ हा त्यांचा दुसरा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. मी किंवा डॉक्टर त्यांच्या मालकाला परस्पर काही सांगू शकत नाही. कुणाला किती सांगायचं, हे त्यांनी ठरवायचं.

मग कामाकडे वळलो. एका वहीत आठवडाभर लिहायला सांगितलं: किती वाजता जीव घाबरला, त्याच्या आधी काय झालं होतं, कुणाचा फोन होता. मला वाटलं होतं कंटेनर भरायची तारीख, माग बंद पडणं, रंगाची छटा न जुळल्याने परत आलेला लॉट, अशी कारणं निघतील. निघालीही, पण ती फार नव्हती. ‘कंटेनरचं काय, इतकी वर्षं भरतोच की,’ ते स्वतःच म्हणाले. वहीत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येत होती. सकाळी मालक एका ऑर्डरचं पॅकिंग आधी घ्यायला सांगत, दुपारी त्यांचा मुलगा दुसरीच पुढे काढायला लावत, आणि संध्याकाळी पहिलं का झालं नाही म्हणून सगळ्यांसमोर विलासरावांना बोलणी. रात्री अकराला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तेच पुन्हा. शिफ्ट बदलताना छाती का आवळते, ते त्या पानांवर लख्ख दिसत होतं.

रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट मला इथे फार उपयोगी वाटते. नुसतं काम जास्त असल्याने माणूस तेवढा खचत नाही. मागणी मोठी आणि ते काम कसं करायचं यावर स्वतःचा ताबा मात्र नाही, तिथे ताण सगळ्यात जास्त. विलासरावांकडे जबाबदारी पूर्ण होती, अधिकार कुठलाच नव्हता. अशा माणसाला फक्त ‘ध्यान करा, पॉझिटिव्ह राहा’ सांगणं मला अन्यायाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाने पार थकून-पिचून जाण्याला, आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाशी जोडलं आहे. गाठ कामात असेल तर ती कामातही सोडवावी लागते.

तरी शरीराचं होतंच. मावा दिवसाला दोनवरून सहावर गेला होता. त्याने डोकं शांत होतं असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात तंबाखूतलं निकोटिन ठोके वाढवतं. तो टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. संध्याकाळनंतर चहा बंद. झोप किती लागते ते विचारलं तेव्हा बायको म्हणाली, ‘आमच्याकडं पाणी येतं त्या रात्री दोघंबी जागंच.’ काही दिवसांआड आणि अवेळी येणारं पाणी सोलापूरकरांच्या झोपेवर किती भारी पडतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. त्या रात्री मोठ्या मुलाने मोटर लावायची, असं घरातच ठरवलं. एप्रिल-मे मधल्या शेडच्या उकाड्यात नुसत्या पाणी कमी पडण्यानेही धडधड वाढते, म्हणून बाटली सतत जवळ ठेवायची.

मालकांशी बोलायची तालीम आम्ही माझ्या खोलीत केली. मी मालक झाले. पहिल्यांदा ते म्हणाले, ‘साहेब, मला झेपत नाही.’ यावर कुठलाही मालक ‘मग बघा दुसरीकडे’ म्हणेल. दोन-तीनदा घासून शेवटी वाक्य असं झालं: ‘साहेब, रोज सकाळी नऊला तुम्ही आणि धाकटे साहेब मिळून मला दिवसाची यादी द्या. मधे बदल करायचा तर दोघांपैकी एकानेच सांगा, आणि त्यामुळे कुठला माल मागे राहील ते मी लगेच सांगेन.’ यात तक्रार नाही, रडगाणं नाही, आणि मालकाचाही फायदा आहे.

मालकांनी यादीचं मान्य केलं. मुलाला ते फार रुचलं नाही. अजूनही तो मधूनच फोन करतो. कंटेनर लागतो त्या रात्री जागरण असतंच. ग्रुपवरची बोलणी बरीच कमी झाली, पूर्ण थांबली नाहीत. पण झटके विरळ झाले, आणि आला तरी ते दवाखान्यात न धावता बाहेर येऊन श्वास सावरतात. औषध चालू आहे. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायचं नाही, हे मी प्रत्येक भेटीत बजावते. नोकरीचा प्रश्न त्यांनी स्वतःच दिवाळीनंतरवर ढकलला आहे. तेव्हाही सोडावीशी वाटली, तर दुसरी हातात घेऊन सोडतील, आणि त्यात काही चूक नाही. काही जागा सुधारत नाहीत; तिथून निघणंच बरं असतं.

सोलापुरात पन्नास-शंभर माणसांचे कारखाने खूप आहेत. तिथे समुपदेशक नेमणं सगळ्यांना परवडणार नाही, हे मला कळतं. पण हुकूम एकाच तोंडून देणं, बोलायचं ते केबिनमध्ये बोलणं, रात्री दहानंतर अडल्याशिवाय फोन न करणं याला पैसा लागत नाही. मालकवर्गातल्या वाचकांना माझी एवढी कळकळीची विनंती आहे.

विलासरावांच्या बायकोने जाताना मला विचारलं, ‘ते घरी आले की मी काय बोलू? काय झालं विचारलं की चिडतात.’ मी म्हटलं, आल्या आल्या विचारू नका. हातपाय धुऊ द्या, चहा नको, ताक द्या. जेवणं झाल्यावर दोघं कॉलनीत एक चक्कर मारून या. तेव्हा ते बोलले तर ऐका, उपाय सुचवू नका. नाही बोलले तरी चालेल. पण झोपेत जाण्याची भाषा पुन्हा आली, तर सकाळ व्हायची वाट न बघता त्या नंबरवर फोन लावा.