पाच वर्षांत सुटलेले व्हिनिअर

प्रश्न : मी केळापूर तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. लहानपणापासून आम्ही हँडपंपाचे पाणी प्यायलो. माझ्या वयाच्या बहुतेकांचे दात तपकिरी, डागाळलेले आहेत. पाच वर्षांपूर्वी लग्न ठरले तेव्हा शहरातील एका दवाखान्यात मी समोरच्या वरच्या सहा दातांवर पोर्सेलिनचे व्हिनिअर बसवून घेतले. दात बरेच तासावे लागले आणि पुढे महिनाभर गार पाणी लागत होते. ‘आता जन्मभर पाहायला नको’ असे तेव्हा सांगण्यात आले होते. गेल्या वर्षी फुटाणे खाताना एका सुळ्यावरील व्हिनिअरचा कोपरा उडाला. या दिवाळीत समोरचे एक व्हिनिअर जसेच्या तसे सुटून हातात आले. यजमानांनी ते बाजारातील झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवून दिले. ते दोन आठवडे टिकले. आणखी दोन दातांवर हिरडीजवळ तपकिरी रेघ दिसू लागली आहे. माल हलका होता का? सहाही काढून नवे बसवावेत का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : दात बरेच तासावे लागले आणि महिनाभर गार पाणी लागत होते. व्हिनिअर सुटण्याचे कारण बहुधा तेथेच आहे. माल हलका असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेली चिनीमातीची पातळ पापडी. तिची जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर असते आणि सुटी असताना ती इतकी ठिसूळ असते की ती हाताळताना आम्हालाही जपावे लागते. हीच पापडी दाताच्या एनॅमलला, म्हणजे वरच्या कठीण पांढऱ्या थराला, नीट चिकटली की वर्षानुवर्षे घास तोडण्याचा भार सहन करते, कारण एनॅमल आणि पोर्सेलिन यांचा ताठपणा जवळपास सारखा असतो आणि आलेला भार पापडीवर न थांबता दातात उतरतो. एनॅमलच्या आतील डेंटिन हे निराळे द्रव्य आहे. ते ओलसर असते, सूक्ष्म नळ्यांनी भरलेले असते आणि चावताना किंचित वाकते. पापडी मात्र वाकू शकत नाही. त्यामुळे डेंटिनवर बसवलेल्या व्हिनिअरच्या मागचा सिमेंटचा थर रोज थोडाथोडा ताणला जातो आणि एके दिवशी पापडी तडकते किंवा अखंड सुटते.

हा सगळा डोलारा चिकटण्यावर उभा आहे. एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावले की त्यावर सूक्ष्म खाचा पडतात आणि त्यांत प्लास्टिकसारखे रेझिन घट्ट धरते, हे मायकल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले. पोर्सेलिनच्या आतल्या बाजूलाही हायड्रोफ्लोरिक आम्लाने अशाच खाचा पाडता येतात, हे १९८३ मध्ये पुढे आले आणि तेव्हापासून व्हिनिअर हा भरवशाचा उपचार झाला. दोन्ही बाजूंना पकड हवी. एक बाजू कच्ची राहिली तर दुसरीचा उपयोग नाही.

भरवसा किती, हे आकड्यांत सांगतो. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे ३१८ व्हिनिअरचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा वर्षांनी सुमारे ९३ टक्के आणि वीस वर्षांनी सुमारे ८३ टक्के व्हिनिअर टिकून असल्याचा हिशेब निघाला, आणि दात खाणाऱ्यांमध्ये बिघाडाचा धोका सात पटींहून अधिक आढळला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५८० व्हिनिअरच्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यांची बैठक किंवा कड डेंटिनमध्ये गेली होती अशी व्हिनिअर एनॅमलवर बसवलेल्यांपेक्षा सुमारे दहा पटींनी अधिक निकामी होण्याची शक्यता दिसली. म्हणजे नीट बसलेले व्हिनिअर पंधरा-वीस वर्षे चालावे, ही अपेक्षा रास्त आहे. ‘जन्मभर’ असे मात्र कोणीही सांगू नये. मी माझ्या रुग्णांना सांगत नाही.

आता तुमच्या गावाच्या पाण्याकडे येतो, कारण आपल्या भागातील व्हिनिअरची गोष्ट पाण्यापासूनच सुरू होते. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम, असे भारतीय मानक सांगते. हाडांत कायमचे दात घडत असतानाच्या वयात मूल यापेक्षा जास्त फ्लोराइड पीत राहिले, तर एनॅमल सच्छिद्र बनते आणि दात उगवल्यावर त्या छिद्रांत तपकिरी रंग मुरत जातो. यालाच आपण फ्लोरोसिस म्हणतो. अशा दातावर पातळ व्हिनिअर लावले तर मागचा तपकिरी रंग त्यातून झळकतो. रंग झाकायचा तर पापडी जाड आणि अपारदर्शक हवी, आणि जाड पापडी दातावर उठून दिसू नये म्हणून दात खोलवर तासावा लागतो. हिरडीजवळ तर मुळात एनॅमलच जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. तेथे यंत्र थोडे खोल गेले की डेंटिन उघडे पडते, आणि उघड्या डेंटिनला गार पाणी लागते. तुम्हाला महिनाभर लागत होते ते बहुधा यामुळेच.

दुसरी अडचण चिकटवण्याची. फ्लोरोसिसच्या एनॅमलचा अगदी बाहेरचा थर नेहमीपेक्षा अधिक आम्लरोधक असतो आणि त्याखालचा थर भुसभुशीत. निरोगी दातावर आम्ल पंधरा ते तीस सेकंद ठेवले तरी पुरते. अशा दातावर तेवढ्यात अनेकदा पुरेशा खाचा पडत नाहीत. बाहेरचा थर हलकेच काढून किंवा आम्ल अधिक वेळ ठेवून काम करावे लागते. त्यातच बसवताना लाळेचा थेंब लागला तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून रबर डॅमची पातळ चादर लावून दात कोरडे वेगळे काढावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि वेळ वाचवलेला असेल तर त्याचा पुरावा काही वर्षांनी हातात येतो.

सुटलेली पापडी टाकून देऊ नका. मूळ सिमेंट कोठे राहिले आहे, यावरून बरेच कळते. ते दातावरच राहिले असेल आणि पापडीची आतली बाजू स्वच्छ असेल, तर पोर्सेलिनवरचे आम्लकाम किंवा सायलेनचा, म्हणजे पोर्सेलिन आणि सिमेंट यांना जोडणाऱ्या द्रव्याचा, लेप कमी पडला. सिमेंट पापडीला चिकटून आले असेल तर दाताच्या बाजूची पकड सुटली. पहिल्या प्रकारात पापडी अखंड असल्यास ती स्वच्छ करून पुन्हा बसवता येते आणि चांगली टिकतेही. यजमानांनी काळजीपोटी गोंद लावला हे मी समजू शकतो, पण त्याचा टणक थर दोन्ही पृष्ठभागांवर बसतो, पापडी आपल्या जागी पूर्ण टेकत नाही आणि वर सांगितलेला पुरावाही झाकला जातो. यापुढे असे झाल्यास पापडी लहान डबीत कापसावर ठेवून दवाखान्यात न्यावी, आणि दात उघडा असताना त्या बाजूने गार व आंबट टाळावे.

कोपरा उडालेल्या व्हिनिअरचा दोष फुटाण्यांना देऊन थांबू नका. तपासणीत खालचे दात त्या कडेवर नेमके कसे आदळतात आणि तुम्ही झोपेत दात खाता का, हे पाहायला हवे. सकाळी जबडा जड वाटणे, कानशिलाजवळ दुखणे, खालच्या दातांच्या कडा सपाट होणे या खुणा असतात. घरच्यांना रात्री करकर ऐकू येते का, तेही विचारा. तसे असेल तर नवीन व्हिनिअर बसवूनही तेच होईल, आणि रात्री घालायचा गार्ड आधी करून घ्यावा लागेल. उडालेला तुकडा लहान असेल तर तेथे कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, भरून किंवा कड घासून गुळगुळीत करून भागते.

तपकिरी रेघेबद्दल घाई नको. पुष्कळदा पापडीच्या कडेचे सिमेंट थोडे झिजते आणि त्या फटीत चहाचा डाग बसतो; पॉलिश केल्याने तो जातो. अणकुचीदार उपकरण त्या रेघेत अडकत असेल किंवा खाली मऊ लागत असेल, तर आत कीड शिरली असे समजावे आणि मग ते व्हिनिअर काढावेच लागते. ही तपासणी आरशात पाहून घरी होत नाही.

म्हणून सहाही काढू नका. काढताना पापडी यंत्राने झिजवूनच काढावी लागते आणि दरवेळी खालचा दातही थोडा जातो. तुमच्याजवळ उरलेले एनॅमल हीच तुमची खरी पुंजी आहे. जे निघाले, जे किडले, तेवढेच दुरुस्त करा. समोरच्या दातावर डेंटिनच शिल्लक असेल तर तेथे पुन्हा व्हिनिअरचा आग्रह न धरता पूर्ण कॅपचा विचार करावा लागेल. दुसरे मत हवे असेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून घ्या. जुने कागद आणि ती डबी सोबत न्या.

राखुंडीने दात घासत असाल तर आजपासून बंद करा, मऊ ब्रश वापरा. फ्लोराइडचे जेल लावून घेण्याची वेळ आली तर तुम्हाला व्हिनिअर आहेत हे आधी सांगा, कारण आम्लयुक्त फ्लोराइड जेल पोर्सेलिनची चकाकी घालवते.

तुमच्या शाळेतील मुलांसाठीही दोन शब्द, कारण पालक तुमचे ऐकतात. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. आणि ज्या मुलींच्या दातांवर असे डाग आहेत, त्यांनी लग्नाच्या तोंडावर थेट व्हिनिअरकडे जाऊ नये. तपकिरी रंग अनेकदा वरच्या थरातच असतो. मायक्रोॲब्रेजनने तो थर अगदी थोडा घासून आणि नंतर ब्लीचिंग करून तो बराच फिका होतो. त्यानंतरही व्हिनिअर हवेच असेल तर ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबावे, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनची पकड कमकुवत करतो. रंग आधीच उतरलेला असल्याने पापडी पातळ चालते आणि एनॅमल वाचते.

प्रश्न : माझे वय २६, राहणार चंद्रपूर जिल्हा. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) सोडून सहा महिने झाले. दात लालसर काळे झाले आहेत. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्याने काढल्या आहेत. समोर व्हिनिअर बसवल्यास किती वर्षे टिकतील?

उत्तर : खर्रा सोडलात, यासाठी तुमचे मनापासून अभिनंदन. खर्ऱ्याचे डाग बहुतेक बाहेरचे असतात. दात स्वच्छ करून घेतल्यावर खालचा रंग पाहा, कदाचित व्हिनिअरची गरजच उरणार नाही. त्याच भेटीत तोंड पुरेसे उघडते का तेही तपासून घ्या. आपली तीन बोटे उभी आत जात नसतील किंवा तिखट सोसत नसेल, तर सुपारीमुळे गालाची कातडी आखडू लागलेली असू शकते आणि तो इलाज सर्वांत आधी.

तुम्ही विचारलेल्या वर्षांचे उत्तर तुमच्या दाढांवर अवलंबून आहे. मागे चावायला जागा नसली की माणूस भाकरीपासून सुपारीपर्यंत सर्व काही समोरच्या दातांनी चावतो, आणि ते दात त्या कामासाठी घडलेले नाहीत. अशा तोंडात उत्तम बसवलेली व्हिनिअरही थोड्याच काळात तडकलेली मी पाहिली आहेत. आधी खालच्या दाढा बसवून घ्या, दोन्ही बाजूंनी चावण्याची सवय पुन्हा लागू द्या आणि मग समोरच्या दातांचा विचार करा.