चित्र स्वच्छ केले, तरी मॉडेल का चुकते?

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी तारकर्लीजवळ पाण्याखाली घेतलेल्या चित्रफितींतून मासे आणि खडकांत अडकलेली जाळी ओळखणारे ‘योलो’ मॉडेल (चित्रातील वस्तू शोधून त्यांभोवती चौकट काढायला शिकवलेली संगणकप्रणाली) तयार करत आहोत. चाचणीत निकाल उत्तम आला, पण दुसऱ्या दिवशीच्या चित्रफितीवर मॉडेलला जवळजवळ काहीच ओळखता आले नाही. रंग सुधारून चित्रे दिली, तर चुका उलट वाढल्या. असे का व्हावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या प्रकल्पात दोन स्वतंत्र दोष असावेत, आणि पहिला बहुधा चाचणीतच आहे. चित्रफितीत सेकंदाला २५-३० फ्रेम असतात व लागोपाठच्या फ्रेम जवळपास सारख्याच दिसतात. अशा सर्व फ्रेम एकत्र पिसून त्यांतील काही ट्रेनिंगला आणि काही चाचणीला दिल्या असतील, तर तो पेपर फुटल्यानंतर घेतलेल्या परीक्षेसारखा प्रकार झाला. वाटणी फ्रेमनुसार न करता चित्रफितीनुसार, आणि शक्य असल्यास दिवस व ठिकाण यांनुसार करावी. गुण घसरतील, पण ते खरे असतील.

दुसरा दोष रंगांचा आहे. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषते. स्वच्छ समुद्रातही पहिल्या दहा मीटरांत त्याचा बहुतेक भाग नाहीसा होतो, आणि हा ऱ्हास केवळ खोलीवर नव्हे, तर वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे यावरही ठरतो. त्यातच पाण्यात तरंगणाऱ्या कणांवरून विखुरलेला प्रकाश चित्रावर धुक्यासारखा पसरतो. साधे रंगसुधारणेचे सॉफ्टवेअर अंतराचा विचार न करता संपूर्ण चित्राचा तांबडा रंग सरसकट ताणते. जेथे तांबड्याचे मूल्य ४ होते तेथे ते ८० केले, की कॅमेऱ्याचा दाणेदारपणाही वीसपट होतो. आपल्या डोळ्यांना चित्र आवडते, मॉडेलला मात्र माशाच्या कडांऐवजी हे दाणे दिसू लागतात. डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी २०१९ मध्ये मांडलेली ‘सी-थ्रू’ पद्धत प्रत्येक बिंदूचे अंतर हिशेबात घेते, म्हणूनच ती वेगळी ठरते. पण त्यासाठी अंतराचा नकाशा लागतो आणि एकाच हलत्या कॅमेऱ्याने गढूळ पाण्यात तो मिळवणे सोपे नाही. शिवाय ट्रेनिंग मूळ चित्रांवर आणि वापर सुधारलेल्या चित्रांवर होत असेल, तर मॉडेलच्या दृष्टीने तो समुद्रच निराळा आहे. माझे स्पष्ट मत असे, की सुंदर दिसणारे चित्र आणि ओळखता येणारे चित्र या दोन गोष्टींची गल्लत करू नये. सुधारणा करायचीच असेल, तर दोन्ही टप्प्यांवर एकसारखी करून निकाल ताडून पाहावा.

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे प्रवाळ खाऊन टाकणाऱ्या काटेरी तारामाशांची गणना करण्यासाठी पूर्वापार एका माणसाला फळीला धरून बोटीमागे ओढत नेतात आणि तो पाण्यात पाहत जातो. ‘सीएसआयआरओ’ या तेथील संशोधन संस्थेने गूगलच्या सहकार्याने त्या फळीवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रफितींवर तारामासा कोठे आहे याच्या खुणा तज्ज्ञांकडून करवून घेऊन २०२१ च्या अखेरीस त्या ‘कॅगल’ या विदाविज्ञान स्पर्धांच्या संकेतस्थळावरील स्पर्धेसाठी खुल्या केल्या. हा तारामासा प्रवाळाच्या कपारीत दडतो, अनेकदा दोन-चार हातच बाहेर दिसतात. म्हणूनच गुणांकनात नजरचुकीने सुटलेल्या तारामाशाला खोट्या इशाऱ्यापेक्षा अधिक महत्त्व दिले होते: खोटा इशारा माणूस पुन्हा पाहून खोडू शकतो, पण जे यंत्राने दाखवलेच नाही ते कोणी शोधायला जात नाही. आपल्या जाळ्यांबाबतही हाच न्याय लागू आहे, माशांच्या मोजणीला कदाचित नाही; तेव्हा दोहोंसाठी मॉडेलने हो म्हणण्याची किमान खात्री वेगवेगळी ठेवावी.

प्रश्न : मग किमान किती चित्रे लागतील?

उत्तर : ठरावीक आकडा सांगणे दिशाभूल करणारे होईल. एकाच निवळ सकाळच्या पाच हजार फ्रेमपेक्षा वेगवेगळ्या दिवसांच्या, कमी-अधिक गढूळ पाण्यातील, विजेरीसह आणि विजेरीविना घेतलेल्या पाचशे फ्रेम अधिक शिकवतात. ज्यांत मासा किंवा जाळे काहीच नाही, अशा फ्रेमही मुद्दाम ठेवाव्यात, नाहीतर शेवाळाचा प्रत्येक झुबका मॉडेलला जाळेच वाटेल. खुणा करताना अर्धवट दिसणाऱ्या वस्तूला चौकट द्यायची की नाही, याचा नियम मात्र खुणा करणाऱ्या सर्वांनी बसून आधीच लिहून काढावा.