ग्राउंड ऑर्किडला पानं भरपूर, पण वर्षभरात फुलाचा एकही दांडा नाही. काय चुकतंय?

कोथरूडच्या पूर्वेकडच्या बाल्कनीत, कोळसा आणि नारळाच्या सोडणात लावलंय, असं तुम्ही लिहिलंय. तिथेच गोम आहे. 'ऑर्किड' म्हटलं की सगळे कोळसा आणतात, पण हे स्पॅथोग्लॉटिस आहे आणि त्याची मुळं मातीतलीच. कोळशात ते मरत नाही, नुसतं जगत राहतं.

पण नुसती माती बदलून भागणार नाही. फुलं येतात ती उजेडावर. १८८३ च्या ज्वालामुखी उद्रेकात इंडोनेशियातलं क्राकाटोआ बेट उजाड झालं. त्यानंतर तिथे पुन्हा उगवलेल्या पहिल्या काही ऑर्किडांत जांभळं स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा होतं, म्हणजे उघड्यावर वाढणारी ही जात. सकाळचं तीन-चार तास ऊन हवंच. पानं गर्द हिरवी आणि लोळलेली असतील तर ऊन कमी पडतंय. किंचित पोपटी आणि ताठ असतील तर बरोबर. पांढरट, कागदासारखे डाग म्हणजे पान भाजलं. मार्चअखेर ते पाऊस सुरू होईपर्यंत ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा.

माती अशी करा: दोन भाग लाल माती, दोन भाग कोकोपीट, एक भाग भरड वाळू, एक भाग गांडूळखत. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. काळी माती अजिबात नको, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि कंद सडतो. आठ इंची कुंडी पुरते. कंदाचा वरचा अर्धा भाग मातीच्या वर राहिला पाहिजे; पूर्ण पुरला की नवा कोंब बुडाशीच कुजतो. कुंडी बदलायला जूनचा पहिला आठवडा उत्तम. गड्डा फोडायचा असेल तर प्रत्येक तुकड्याला किमान तीन कंद ठेवा. एकेक सुटा केलात तर फुलांसाठी आणखी वर्षभर थांबावं लागेल.

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, जून ते ऑक्टोबर. डिसेंबर-जानेवारीत खत बंद, पाणीही वरची माती सुकल्यावरच.

पानांची टोकं करपतात ती बहुतेक बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यामुळे. आरओचं टाकाऊ पाणी तर घालूच नका, त्यात क्षार आणखी जास्त. महिन्यातून एकदा खालून भरपूर वाहून जाईल इतकं गोडं पाणी ओता. एप्रिल-मेमध्ये पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी ठिपके दिसले तर तो लाल कोळी. आधी पाण्याच्या फवाऱ्याने पानं धुवा, मग संध्याकाळी लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोड्या साबणात मिसळून फवारा. बुंध्याला मऊ, तपकिरी आणि दुर्गंधीचा भाग आढळला तर निरोगी भागापर्यंत कापा, कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक, लिटरला तीन ग्रॅम) लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका.

दांडा आला की घाईने कापू नका. खालून वर एकेक फूल उमलत आठवडेच्या आठवडे चालतं. जांभळ्या जातीत मात्र आपोआप परागीकरण होऊन शेंगा धरतात, त्या दिसताक्षणी खुडा. नाहीतर झाडाची ताकद बियांत जाते आणि पुढचा दांडा लांबतो.