ड्रमसेट, गाळा आणि सासऱ्यांची सही

कोल्हापूरच्या एका ड्रमरचं पत्र आलं आहे. वय 34. बारा वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम आणि ऑक्टोपॅड वाजवतात. पत्नी खासगी रुग्णालयात परिचारिका, पगार 18,000. मुलगी चार वर्षांची. घरखर्च 32,000 आणि बँकेत 4 लाखांची मुदत ठेव. गावातली पतसंस्था 13 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी 8 लाखांचं कर्ज द्यायला तयार आहे, जामीन सासरे राहणार. त्यातले 3 लाख 20 हजार परदेशी ड्रमसेट आणि सिंबलला (ड्रमसोबतच्या धातूच्या तबकड्या), 1 लाख 30 हजार इलेक्ट्रॉनिक ड्रम किटला, 1 लाख गाळ्याच्या डिपॉझिटला आणि अडीच लाख साउंडप्रूफिंगला. गाळ्याचं भाडं 12,000. तिथे ड्रमचा क्लास काढायचा. ते विचारतात, "कर्ज घेऊ का? की हे वाजवणं सोडून नोकरी बघू?"

नोकरीचा विचार आधी बाजूला ठेवू. तुमच्या आकड्यांत वाजवणं सोडावं असं मला काही दिसलं नाही. पण हे कर्ज घेऊ नका.

गेल्या वर्षाच्या डायरीची पानं पाठवलीत, हे फार बरं केलंत. मी ती दोनदा वाचली. एकूण 90 नाईट, म्हणजे रात्रीचे कार्यक्रम. त्यात मुंबईच्या दांडियाच्या 9, प्रत्येकी 7,000. गणपतीच्या 10, प्रत्येकी 4,000. उरलेल्या 71 नाईटचे सरासरी 2,800. बेरीज 3,01,800. प्रवास, स्टिक आणि हेड (ड्रमवरचा पडदा) यांचे 36,000 गेले की 2,65,800 उरतात. पाच विद्यार्थ्यांचे महिन्याला 7,500, म्हणजे वर्षाचे 90,000. तुमची कमाई महिन्याला सरासरी 29,650 पडते. पत्नीचा पगार मिळवून घरखर्च वजा केला तर साधारण 15,600 शिल्लक राहतात.

आता हप्ता बघा: 18,200. सरासरी महिन्याची सगळी शिल्लक घालूनही तो भरत नाही. त्यात सरासरी महिना ड्रमरच्या नशिबी कधी येतच नाही. तुमच्या डायरीत जून आणि जुलै मिळून 5 नाईट आहेत, म्हणजे 14,000. त्याच दोन महिन्यांत हप्त्यांचे 36,400 जातील. पतसंस्थेचा हप्ता महिन्याच्या तारखेला येतो आणि तुमचा पैसा तिथीला येतो, खरी अडचण इथे आहे. तुलसी विवाहानंतर लग्नं सुरू होतात, आषाढात थांबतात, मग भाद्रपदापर्यंत शुकशुकाट. अधिक मास आला तर गणित आणखी हलतं. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तो तसाही रिकामाच काळ. फक्त गणपती 19 सप्टेंबरपर्यंत लांबले. 2026 मध्ये मात्र अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. लग्नाच्या ऐन सुपाऱ्यांचा महिना त्यात जातो. पाच वर्षांच्या कर्जात अधिक मास एकदा तरी येतोच.

क्लासचा हिशोबही मांडून बघितला. हप्ता आणि भाडं मिळून 30,200. दीड हजार फीने ते भागवायला साधारण 20 विद्यार्थी हवेत. आजच्या पाच जणांची फी घरात खर्च होते, म्हणजे आज आहात तिथेच राहायला 25 लागतील. तुम्ही एकेकाला आठवड्यातून दोनदा, तासभर शिकवता. 25 जणांचे आठवड्याला 50 तास झाले. वरून नाईट, रात्रीचा प्रवास, पहाटे घरी येणं. तुमचं शरीर हे पेलणार नाही, आणि नाईट सोडल्या तर ज्या नावामुळे मुलं तुमच्याकडे येतात ते नावच मागे पडेल.

सगळ्यात जास्त मला खटकलं ते साउंडप्रूफिंग. गाळ्याचा करार 11 महिन्यांचा आहे. अडीच लाखांचं लाकूड, रॉकवूल आणि दरवाजे दुसऱ्याच्या भिंतीला ठोकायचे, आणि मालकाने बाराव्या महिन्यात नाही म्हटलं तर त्यातलं काहीच परत मिळत नाही. ड्रमसेट निदान विकता तरी येतो.

ड्रमसेटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे आणि ते मला समजतं. तुम्हीच लिहिलं आहे की मोठ्या कार्यक्रमाला ड्रमसेट साउंडवाला पुरवतो. मग तीन लाखांच्या सेटमुळे नाईट 2,800 वरून किती होईल? तुमच्या आयोजकांपैकी तिघांना हे सरळ विचारा. माझा अंदाज आहे की फारसा फरक पडणार नाही. पण भाड्याच्या सेटवरही जे तुमचं स्वतःचं असतं, ते म्हणजे स्नेअर (समोरचा लहान ड्रम), सिंबल आणि किक पेडल (पायाने मोठा ड्रम वाजवायचं). हात त्याच्यावर बसलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला तुमचा म्हणून जो आवाज कळतो तो तिथूनच येतो. ते आत्ता घ्या. कर्ज न काढता, ठेवीतले 1 लाख 10 हजार वापरून. सिंबल चांगल्या ब्राँझचे, 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असलेले घ्या, सेकंडहँड चालतील. त्यांना पुढे गिऱ्हाईक मिळतं, स्वस्त पितळेच्या सिंबलला मिळत नाही. विकत घेताना कडेला बोट फिरवून तडा आहे का बघा, मधलं भोक लांबट झालंय का तेही बघा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची किंमत नवीन मॉडेल आलं की उतरते, म्हणून त्या कर्जावर कधीच घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. किट हवंच असेल तर दांडिया आणि गणपतीच्या पैशांतून, जाळीच्या हेडचं लहान घ्या. हेडफोन लावून ते घरातल्या खोलीतही चालतं. फक्त पेडलचे हादरे खालच्या मजल्यावर जातात, तेव्हा खाली जाड मॅट टाका.

क्लास मात्र जरूर वाढवा. तुमच्या मिळकतीत दर महिन्याला येणारा पैसा तेवढाच आहे, आणि तो पावसाळ्यातही येतो. गाळा न घेता वाढवा. शहरात चालू असलेल्या एखाद्या संगीत क्लासशी किंवा शाळेशी बोला. जागा त्यांची, शिकवणं तुमचं, फीत वाटा. सुरुवातीला दोन-दोन मुलांना प्रॅक्टिस पॅडवर एकत्र बसवा, म्हणजे तुमचे तास निम्मे होतील. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षांत ड्रमच्या इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा होतात. तुम्ही स्वतः वरची ग्रेड दिलीत तर पालकांना फी वाढवून सांगताना हातात काहीतरी असेल. विद्यार्थी 12 झाले आणि सहा महिने टिकले, की गाळ्याचं पुन्हा बघू.

उरलेल्या ठेवीतले 2 लाख हलवू नका. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी ती रक्कम आहे. मार्च 2020 मध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका कीबोर्ड वादकाने सहा महिन्यांत कीबोर्ड विकला. निम्म्याहून कमी किमतीत. कार्यक्रम परत सुरू झाले तेव्हा त्याच्याकडे वाजवायला काही नव्हतं. त्याला आधीच दोन लाख बाजूला ठेवायला लावलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकी 90,000 मधून कुटुंबाचा आरोग्य विमा आणि तुमचा 50 लाखांचा मुदत विमा काढा. आज पत्नीच्या रुग्णालयाचं संरक्षण आहे, पण तिने नोकरी बदलली की ते संपेल. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे, तेवढा हप्ता हलका झाला. अर्जात व्यवसाय वादक असा लिहा आणि रात्रीचा प्रवासही लपवू नका.

कानांचा तुम्ही पत्रात उल्लेखच केलेला नाही. आवाजाच्या सुरक्षिततेच्या एका प्रचलित मापाप्रमाणे 85 डेसिबल आठ तास चालतो आणि पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. तुम्ही स्टेजवर तीन-तीन तास बसता. हळूहळू येणाऱ्या बहिरेपणाची भरपाई अपघात विम्यातून साधारणपणे मिळत नाही. कानाच्या मापाचे, संगीतासाठी बनवलेले इअरप्लग काही हजारांत होतात. सिंबलच्या आधी ते घ्या, आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घ्या.

म्हातारपणासाठी पीपीएफ तुमच्या चालीला जुळतं. वर्षाला किमान 500, कमाल दीड लाख, आणि वर्षभरात कधीही भरता येतं. दांडियाची पाकिटं हातात आली की एकदम भरा. जूनमध्ये कोणी विचारायला येत नाही. शक्य तेवढं मानधन खात्यावर मागा आणि कर लागत नसला तरी दरवर्षी विवरणपत्र भरा. कापलेला टीडीएस परत मिळेल. पुढे खरंच कर्ज लागलं तर तीन वर्षांची विवरणपत्रं दाखवून बँकेकडे मुद्रा कर्ज मागता येईल, तिथे 10 लाखांपर्यंत तारण द्यावं लागत नाही आणि कोणाला जामीनही राहावं लागत नाही.

सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत असं तुम्ही लिहिलंय. जामिनाच्या कागदावर त्यांची सही अजून झाली नसेल तर आज संध्याकाळीच त्यांना फोन करून सांगा की कर्ज घेत नाही. आणि दिवाळीनंतर डायरी पुन्हा पाठवा, त्यात विद्यार्थ्यांचंही एक पान असू द्या.