तिकीट काढायच्या आधी जुन्या सहकाऱ्यांना लिहा

तुम्ही विचारलंय, लिंक्डइनवर जुन्या सहकाऱ्यांना नोकरीसाठी आत्ताच लिहावं की परदेशात पोचल्यावर. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडतो. आत्ताच लिहा. मी पोचल्यावर लिहिलं आणि ७ महिने घरी बसलो. बायको कामावर, मुलगी शाळेत आणि मी दर १० मिनिटांनी इनबॉक्स उघडतोय. एकटेपणापेक्षा ते जड गेलं.

मला संकोच होता. ज्यांची ५ वर्षांत साधी चौकशी केली नाही, त्यांना गरज पडल्यावर कोणत्या तोंडाने लिहायचं? म्हणून फक्त जवळच्या मित्राला लिहिलं. ४ वर्षं आम्ही शेजारी बसून काम केलं होतं. त्याने निरोप वाचला, उत्तर दिलं नाही. ते अजून सलतं. काम मिळालं ते दुसऱ्या टीममधल्या एका बाईंमुळे. त्यांच्याशी बोलणं जेमतेम एका प्रोजेक्टपुरतं झालेलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं, की नवी माहिती तोंडओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही असतंच. हे मला फार उशिरा कळलं.

शोधताना 'पूर्वीची कंपनी' आणि 'ठिकाण' हे दोन्ही फिल्टर एकत्र लावा. नोकरी मागू नका. एकत्र केलेल्या कामाची आठवण द्या आणि १५ मिनिटं बोलायला वेळ मागा. कोणी रेफरल, म्हणजे आपल्या कंपनीत तुमची शिफारस, देतो म्हणालं तर आधी स्वतः अर्ज टाकू नका, बऱ्याच कंपन्या मग रेफरल धरत नाहीत. एक चांगली जागा मी अशीच घालवली. 'ओपन टू वर्क' ही काम शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटरना, म्हणजे भरती करणाऱ्यांना, दिसेल अशी ठेवता येते, पण सध्याच्या कंपनीपासून ती पूर्ण लपेल याची हमी लिंक्डइनही देत नाही.

आणि अनुभवाची पत्रं! माझी पहिली कंपनी बंद पडलेली, इथे मात्र कामाच्या तपशिलासह पत्र हवं. तिथले जुने मॅनेजर लिंक्डइनवरच सापडले, त्यांनी सही करून दिलं. ते सापडले नसते तर ती ३ वर्षं कागदावर शून्य.

एक सांगायचं राहिलं. माझ्या हाताखाली काम केलेल्या एका मुलाचा निरोप येऊन ९ दिवस झालेत. आमच्याकडे जागा नाही, हे त्याला कळवायला हात उचलत नाही. आज रात्री लिहितो.